डायलवरची टिकली

बस जुन्या स्टँडकडे वळली आणि शेजारच्या बाईची भाजीची पिशवी वसुमतीच्या मांडीवर कलंडली. पिशवी सावरता सावरता बाई हळूच म्हणाली, "सकाळीं रेडिओंत अळणी सांबाराचें बोललां तें तुम्हींच की?" वसुमतीने सवयीने तमिळमध्ये "परवायिल्लै", असू दे, म्हणून पिशवी सरकवून दिली, आणि मग तिला झटका बसला. बाई मराठी बोलली होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या, वेणीत अबोली, मघाशी कंडक्टरशी खणखणीत तमिळमध्ये झालेलं भांडण. वसुमतीने तिला चढता चढताच तमिळ म्हणून ठरवून टाकलं होतं. तंजावुरात बसमध्ये बसलं की माणूस असं ठरवून टाकतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. "तिकीट मागितलांत, तेव्हांच आवाज ओळखला," बाई म्हणाली. "घरांत सगळे बहुत हंसले. आमची नात मराठी बोलत नाहीं, ती पण हंसली." मग तिचा चेहरा जरा काळजीचा झाला. "पण त्या तुमच्या आत्या. त्यांच्याकडे रेडिओ नाहीं की?" आत्याकडे रेडिओ होता. वसुमतीनेच तो दिला होता.

नुसता दिला नव्हता, लावूनही दिला होता. शेषम्मा आत्या जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, पण यंत्राची कळ फिरवायची म्हटलं की तिचा हात अडखळायचा. म्हणून वसुमतीने काटा नेमक्या जागी आणून डायलच्या काचेवर, त्या जागी, आपल्या कपाळावरची लाल टिकली काढून चिकटवली होती. 'काटा टिकलीखाली आला की मी आले म्हणून समजा,' असं वर ऐटीत सांगितलंही होतं. आता ती टिकली तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आत्याला स्टेशन सापडलं नसेल, ही एवढीशी आशासुद्धा तिने आपल्याच हाताने चिकटवून बंद केली होती. बाई जुन्या स्टँडला उतरली, खिडकीतून हात हलवून गेली, आणि वसुमती पुढच्या थांब्याचा विचार करत बसून राहिली. पुढचा थांबा राजवाड्याचा. तिथे उतरून मागच्या गल्लीत आत्याचं घर. रेडिओचं काम झालं की दुपारी तिथे जेवायला जायचं हे आधीच ठरलेलं होतं, तेही तिनेच ठरवलेलं.

पण ती तसं बोललीच कशी, हे तिचं तिलाच उलगडत नव्हतं. माइक बंद असल्याचा गैरसमज झाला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. डोक्यावरचा लाल दिवा जळत होता, तिला दिसत होता, आणि दिवा जळतोय म्हणजे काय हे कॉलेजात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ज्या दिवशी दिल्लीहून परवाना आला त्या दिवसापासून ती या रेडिओच्या मागे होती. खरं तर ती गृहविज्ञान शिकवणारी, तिचा आणि रेडिओचा संबंध काय. पण मुलींच्या त्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या हरिप्रसादला कोणीतरी बोलणारं हवं होतं, आणि गृहविज्ञानाची रिकामी पडलेली कोठीची खोली हवी होती. खोली मिळाली ती वसुमतीसकट. दोघांनी मिळून भिंतींना काथ्याच्या चटया ठोकल्या, आवाज घुमू नये म्हणून. खिडकी विटांनी बुजवली, तरी पलीकडच्या कालव्यावरचा कोकीळ पहिल्या महिन्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत आहेच. ॲन्टेना गच्चीवर उभा राहिला त्या दिवशी त्यावर पहिला कावळा बसला आणि प्रिन्सिपल मॅडम गंभीरपणे म्हणाल्या की हे चांगलं की वाईट ते कोणाला तरी विचारायला हवं. मग चाचणीचे दिवस. हरिप्रसाद गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवून मोपेडवरून निघायचा, आणि वसुमती खोलीत बसून एक-दोन-तीन म्हणत राहायची, कंटाळा आला की पाढे, पाढे संपले की कोणत्या भाजीत काय असतं ते. तो संध्याकाळी धुळीने माखून परत यायचा आणि सांगायचा, वेण्णार नदीच्या पुलापर्यंत तुम्ही स्वच्छ आहात, पुढच्या खेड्यात खरखर आहे, पण चहाच्या टपरीवर चार जण बसले होते, त्यांनी विचारलं की त्या बाई शेवग्याच्या शेंगांचं अर्धवट सोडून पाढे का म्हणायला लागल्या. त्या रात्री वसुमतीला झोप आली नव्हती. ज्या माणसांना आपण कधी पाहिलं नाही ती आपल्या शेवग्याची वाट पाहत बसली होती, या विचाराने तिला भयंकर आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटली होती.

आयुधपूजेला तर मजाच झाली. खेड्यातून गाणी म्हणायला आलेल्या बायकांनी माइक पाहिला आणि त्याला गंध लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. नांगराला लागतं, उखळाला लागतं, मग याला का नाही? चंदन, वर कुंकू, वर फूल. हरिप्रसाद दारात उभा राहून कळवळत होता, पण त्याच्या आईने घरी त्याच्या मोपेडलाही सकाळी तेच केलं होतं, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडाने? चंदन जाळीत उतरून वाळलं, आणि पुढचे कित्येक दिवस भाताच्या किडीवरचा सल्ला आजूबाजूच्या गावांना घसा बसल्यासारखा ऐकू आला. शेवटी वसुमतीनेच एका जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली. हे सगळं तमिळमध्ये चाललं होतं, आणि तमिळमध्ये वसुमतीला कधी भीती वाटली नाही. 'अन्बान नेयर्गळे', प्रिय श्रोतेहो, म्हटलं की समोर सगळा मुलूख बसायचा, बांधावरचे, टपरीवरचे, स्वयंपाकघरातले, आणि ती त्यांच्याशी बोलायची. भीती वाटली ती प्रिन्सिपल मॅडमनी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मराठीला द्यायची ठरवली तेव्हा. "तुमच्या लोकांचीही एवढी घरं आहेत," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण एकट्या तुम्हीच बोलणार असाल तर नको. आणखी कोणाला तरी आणा. नाही जमलं तर ती वेळ नारळाच्या भुंग्याला देऊ, नारळाचे शेतकरी तो सल्ला कधीचे मागतायत."

वसुमती घरी आली, मजकूर तमिळ अक्षरांत लिहून काढला, कारण नागरी तिला वाचता येत नव्हती, आणि आरशासमोर बसून तो वाचायला गेली, तर पहिल्याच वाक्यावर अडली. मराठीत सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? तिच्या मराठीत सगळे नव्हतेच. आत्या होती, नवरा होता, सासूबाई होत्या. एका पंगतीत मावतील त्याहून जास्त माणसांशी ती जन्मात मराठी बोलली नव्हती. उंबरठ्याच्या आत मराठी, पायात चपला सरकवल्या की तमिळ. हे कोणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांच्या पायांनाच ते माहीत होतं. तिने नवऱ्याला विचारलं. व्यंकटरमण विम्याच्या कचेरीतून दमून आलेले, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कोणाला तरी एकाला समोर बसव आणि त्याशीं बोल. सगळ्यांशीं कोण बोलतें?" विम्याची विक्री ते अशीच करत असणार. सल्ला चांगला होता. तिने आत्याला समोर बसवलं. मनातल्या मनात, पाटावर, मांडी घालून. आणि मग शब्द आपोआप यायला लागले. सगळी चूक तिथेच झाली असेल का? नाही, तिथे नाही. आत्याला समोर बसवून आत्याबद्दल तसं कोणी बोलणार नाही. बोलली तेव्हा आत्या समोर नव्हती. समोर ते सगळे उभे होते.

आज सकाळचं ते काचेपलीकडचं दृश्य आता तिला नीट दिसायला लागलं. मराठीचा पहिला कार्यक्रम म्हणून मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. रेशमी झब्ब्यातले विश्वस्त, त्यांच्या सौभाग्यवती, ट्रान्समीटरला हातभार लावणारे खतांचे व्यापारी, दोन-चार प्राध्यापिका. सगळे काचेला नाक लावून, चेहऱ्यावर कौतुक, आणि कोणालाही अक्षर कळत नाही. वसुमती डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, सांगत होती, मग सांबाराकडे वळली, आणि त्या गोड हसणाऱ्या, काही न कळणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहता पाहता तिच्या आत कुठेतरी एक जुनी, सुखाची कडी सैल झाली. ती एकदम साडीच्या दुकानात होती. तिच्या लग्नाच्या साड्या, पांढऱ्या गादीवर बसलेली आत्या, आणि ढिगाऱ्यामागे दुकानदार. वडील रेल्वेत, आज इथे उद्या तिथे, म्हणून वसुमती शाळेसाठी आत्याकडे वाढली, आणि खरेदीलाही आत्याच. आत्या साडीचा पदर बोटांत धरून, डोळे किलकिले करून, स्तुती केल्याच्या सुरात म्हणाली होती, "ह्या मनुषाच्या मिशांना आधीं इस्त्री करायला पाहिजे की नाहीं, वसू?" वसुमतीला हसू फुटलं, दुकानदाराला वाटलं मुलीला साडी आवडली, त्याने उत्साहाने आणखी पाच उलगडल्या. बाहेर आल्यावर आत्याने तिला तंत्र समजावलं होतं, वर्गात समजवायची तितक्याच गंभीरपणे. "आवाज गोड ठेव. मग काय पण बोल. लोक सूर ऐकतात." साडीच्या दुकानात, दवाखान्यात, दुसऱ्यांच्या लग्नात, बसमध्ये, त्यांची मराठी ही दोघींची चोरखिशातली गोष्ट होती. चारचौघांत काढायची आणि कोणाला दिसायची नाही.

आणि आज चारचौघे काचेपलीकडे उभेच होते. आधी ती विश्वस्तांबद्दल बोलली, अगदी मधाळ आवाजात, की हे समोरचे थोर मनुष उभ्या उभ्या निजले आहेत, ह्यांना कोणी खुर्ची द्या. विश्वस्तांनी आवाजातला मध ऐकून मान डोलावली. पॅनेलमागे बसलेला हरिप्रसाद, जो घरी आईचं मराठी सगळं समजतो आणि उत्तर मात्र तमिळमध्ये देतो, त्याचे खांदे हलायला लागले. काचेपलीकडे एक माणूस हसतोय म्हटल्यावर वसुमतीला आणखी चेव आला. चोरखिशातून काढायचं म्हणजे एकच गोष्ट कशाला? "सांबारांत मीठ बघून घाला," ती म्हणाली. "नाहींतर आमच्या शेषम्मा आत्याचें होतें तसें होईल. वर्षानुवर्षें अळणी. आम्हीं सगळे उगी जेवतों, पानावरचें मीठ कालवतों, आणि छान झालें म्हणून उठतों. सांगणार कोण?" हरिप्रसादने डोकं पॅनेलवर टेकलं होतं. खतांचे व्यापारी टाळ्या वाजवत होते. आणि ट्रान्समीटर, गच्चीवर कावळ्याखाली उभा राहून, ते सगळं इमानदारीने वेण्णारच्या पुलापर्यंत पोचवत होता. बसमधल्या त्या बाईने पिशवी सावरता सावरता विचारेपर्यंत वसुमतीच्या डोक्यात हे आलंसुद्धा नव्हतं की ज्यांना कळत नाही ते काचेपलीकडे होते, आणि ज्यांना कळतं ते सगळे घरोघर कान देऊन बसले होते.

राजवाड्याचा थांबा आला. ती उतरली. उतरायचं नाही असं तिने मनाशी दोनदा ठरवलं होतं, पण पाय उतरले. गल्लीत ऊन होतं, कोपऱ्यावर नव्याने उघडलेल्या मोबाईलच्या दुकानाबाहेर स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागलं होतं, आणि त्याच्या पलीकडे आत्याच्या घराचं निळं फाटक दिसत होतं. नारळाच्या भुंग्याला गेली पंधरा मिनिटं तर जाऊ देत, ती स्वतःशी म्हणाली, पुढच्या शुक्रवारी, मराठीच्या दुसऱ्या कार्यक्रमाला, आत्या गायला आली नाही तर नाही. लग्नातल्या ऊंजलची, झोपाळ्यावर नवरा-नवरीला बसवून म्हणायची जुनी मराठी गाणी गल्लीत आता आत्यालाच येत होती. किती मागे लागून तिने तिला तयार केलं होतं. पण ते तितकं नाही. तिला जे आत टोचत होतं ते दुसरंच होतं. तीन वर्षांपूर्वी आत्याचे यजमान, बाळकृष्णराव, गेले. मुलगा परदेशी, सून तमिळ, फोनवर सगळी तमिळच. त्या घरात वसुमती जाते तेवढा वेळ मराठी असते. तेवढीच एक खिडकी, आणि त्या खिडकीतून तिने आज आत गाळ फेकला होता. आत्या ओरडली तर बरं होईल. आत्या तमिळमध्ये "वा, उक्कारु", ये, बस, असं म्हणाली तर मात्र संपलं. रागावल्यावर ती माणसांना तशीच बाहेर काढते. शेजारणीशी बिनसलं तेव्हा पाहिलं होतं. वसुमतीने फाटक उघडलं.

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. "चपला आंत काढ, ऊन आहे," एवढं ऐकू आलं. मराठीत. वसुमतीने इतका लांब श्वास सोडला की तिला स्वतःलाच हसू आलं. पण मग फडताळावरचा ट्रान्झिस्टर दिसला, आणि हसू तिथेच थांबलं. डायलवर टिकली नव्हती. काच स्वच्छ पुसलेली, नुसता डिंकाचा बारीक ठिपका. तर मग झालं. ऐकलं, आणि खरवडून काढली. वसुमती पाय धुऊन पाटावर जाऊन बसली, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. आत्याने पान मांडलं, डावीकडे मीठ वाढायची ती जागा मात्र रिकामी ठेवली. भात, वर सांबार. मग आत्या समोर बसली, चष्मा पुसला, घातला, आणि वसुमतीच्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तरपत्रिका उघडल्यावर बघायची तशी.

वसुमतीने पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मीठ असं पडलं होतं की जीभ आखडून गेली. मूठभर तरी असणार. वर्षानुवर्षांचं सगळं मीठ आज एका पातेल्यात. "छान झालें, आत्या," तिच्या तोंडून आपोआप निघालं, कारण त्या पाटावर बसून दुसरं काही म्हणायची तिला सवयच नव्हती.

"छान की?" आत्या म्हणाली. "रेडिओंत बोलतेस तसें बोल."

बाहेर सिनेमाचं गाणं संपून दुसरं लागलं. मग वसुमती म्हणाली, "खारट आहे. तोंडांत धरवत नाहीं."

आत्या हसायला लागली. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून देऊन, असं की वसुमतीला कळेना आपण हसावं की घाबरावं. "मला पण धरवलें नाहीं," आत्या म्हणाली. "चाखलें आणि ठरवलें, बघूं ही काय म्हणते. ह्यांना रक्तदाब झाला, डॉक्टर म्हणाले मीठ बंद. हात तसाच बसला, वसू. ते गेले, मीठ परत आलें नाहीं. मला काय कळणार? मला सांबार तसेंच असतें असें वाटायला लागलें. सणावारीं पानांवरचें मीठ सगळ्यांचें संपलेलें असायचें. जन्मभर गणित शिकवलें, हा हिशेब सुटला नाहीं."

"मी असें सगळ्यांसमोर बोलायला नको होतें," वसुमती म्हणाली. "मला क्षमा करा. मला वाटलेंच नाहीं कोणी ऐकतें आहे."

"मी ऐकत होतें की." आत्याने तिच्या पानातला भात काढून बाजूला घेतला, दुसरा वाढला, वर ताक ओतलं. ओतता ओतता तिचा आवाज बदलला, पण हात थांबला नाही. "हे होते तेव्हां रोज कांहीं ना कांहीं म्हणायचे. कॉफी पातळ, चटणी जाड, तूं मोठ्यानें कां बोलतेस. ते गेल्यावर सगळे छानच म्हणतात. जो येतो तो छान. तीन वर्षें घरांत मला कोणी एक वांकडा शब्द बोललें नाहीं. आज मी एकटीच बसलेली, आणि त्या डब्यांतून कोणी तरी मराठींत म्हणतें, शेषम्माचें सांबार अळणी." तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं. "घरांत माणूस आलें असें वाटलें."

वसुमतीला रडू आलं आणि तिने ते ताकभाताबरोबर गिळलं. मग काही तरी बोलायचं म्हणून तिने फडताळाकडे मान केली. "मग टिकली कां काढलीत?"

"कशाला पाहिजे?" आत्या म्हणाली. "काटा मी तेथून हलवीतच नाहीं. भाताची कीड ऐकतें, खत ऐकतें, कोकीळ ऐकतें. त्या खोलींत कोकीळ कां आहे तें मात्र त्या रेडिओच्या पोराला विचार." तिने टिकली आपल्या चष्म्याच्या डबीच्या झाकणावर लावून ठेवली होती, हरवू नये म्हणून, ती दाखवली. वसुमतीने बघितली, आणि बसमधल्या त्या बाईने विचारल्यापासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं, आत, पोटापर्यंत. तिने आणखी ताक मागितलं. आत्याने ते वाढलं, वर मीठ चिमटीत धरून विचारलं, किती? वसुमतीने सांगितलं. मग जपून तिने शुक्रवारचं विचारलं.

"येतें की," आत्या म्हणाली. "ऊंजलची चार गाणीं म्हणतें. पण आधीं थोडें बोलायचें आहे मला. तुझ्याविषयीं. लहानपणापासून पुष्कळ सांठलें आहे."

"काय बोलणार?" वसुमतीने दचकून विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे काचेपलीकडचे सगळे चेहरे आले, हसरे, कौतुकाचे, आणि त्यांच्यामागे वेण्णारच्या पुलापर्यंतची सगळी घरं, अबोलीवाली बाई, तिची नात, पेपरात डोकं घालून बसलेले व्यंकटरमण.

"तें शुक्रवारीं ऐक," आत्या म्हणाली, आणि खारट सांबाराचं पातेलं उचलून आत गेली. "काळजी करूं नक्को. आवाज गोड ठेवीन."